पार्टिशन करताय? जरा थांबा!

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी पर्सेंटेज खाली ओढणारा विषय. त्यामुळे "मराठी विभागाला एक टेक्निकल लेख दे" असं मॅगझिन कमिटीतल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. पण माझी रूममेट म्हणाली, "आमच्या अण्णांच्या पीसीची तू जी वाट लावलीस ना, तेच लिही." म्हणतात ना, वाचेल तो वाचेल! शुद्धलेखन आईकडून तपासून घेतलंय. तरी चुका राहिल्या असतील तर त्या माझ्याच.

झालं काय?

रूममेटचे वडील, म्हणजे अण्णा, गावाकडच्या शाळेत मराठीचे शिक्षक होते. आता रिटायर झालेत. त्यांनी २००८ साली घेतलेला पीसी, १६० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज एक्सपी. रूममेटकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून सेकंड इयरला तोच डबा एसटीच्या डिकीतून होस्टेलवर आला. सी ड्राइव्ह ४० जीबी, डी ड्राइव्ह १०९ जीबी. (१६० ची डिस्क १४९ च का दिसते? कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. चोरी झालेली नाही!) डीवर अण्णांचा सगळा संसार होता. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिकेचे लेख, आणि त्यांनी स्वतः जमवलेली गावाकडच्या बोलीतल्या शब्दांची यादी. सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. दुसरी कॉपी? कुठेही नाही.

ओएसच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं होतं. शिवाय एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. म्हणजे जुन्या डब्याला लिनक्सच बरं. आणि लिनक्स टाकायचं, जुनं विंडोजही ठेवायचं, म्हटलं की पार्टिशन आलंच.

माझा प्लॅन असा होता: डी १०९ वरून ८० जीबी करायचं आणि सुटलेल्या २९ मध्ये लिनक्स टाकायचं. इथपर्यंत ठीक. डीच्या शेपटाकडची जागा मोकळी करून तिथेच लिनक्स टाकलं असतं तर काम थोडक्यात आटपलं असतं. पण मला वाटलं, लिनक्स सीच्या शेजारी असावं, चित्रात छान दिसतं! म्हणून मी डी लहान करून वर ते २९ जीबी पुढे सरकवायलाही सांगितलं. जीपार्टेडने बजावलं की यात डेटा जाऊ शकतो. अशा सूचना आपण जशा वाचतो तशीच मी ती वाचली. म्हणजे नाही वाचली. अप्लाय!

रात्रीचे साडेअकरा. पट्टी सरकत सरकत साधारण ६० टक्क्यांवर आली होती. तेवढ्यात शेजारच्या रूममध्ये कोणीतरी चहासाठी हीटर कॉइल लावली. खट्! मजल्याचा एमसीबी पडला.

लाइट आली, मशीन चालू केलं. एक्सपी नीट सुरू झालं, कारण सीला हात लागलाच नव्हता. डीवर क्लिक केलं तर मेसेज: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का? माझं बोट 'येस'वर गेलंसुद्धा होतं. रूममेटने हात धरला. या लेखातला खरा हिरो म्हणजे तो हात.

थोडी थिअरी (व्हायवात विचारतात!)

पार्टिशन म्हणजे डिस्कमध्ये भिंत घातलेली नसते. पार्टिशन म्हणजे फक्त एका तक्त्यातली नोंद. जुन्या पीसीच्या डिस्कचा अगदी पहिला सेक्टर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर. तो ५१२ बाइट्सचा असतो. त्यातले ४४६ बाइट्स बूट करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट्स पार्टिशन टेबलसाठी आणि शेवटचे २ बाइट्स सहीसारखे. ही पद्धत १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली. आपल्या सगळ्यांच्या जन्माच्या किती आधी!

६४ बाइट्समध्ये १६-१६ बाइट्सच्या चारच नोंदी बसतात. म्हणून प्रायमरी पार्टिशन्स जास्तीत जास्त चार. प्रत्येक नोंदीत मुख्य माहिती एवढीच: पार्टिशन कुठल्या सेक्टरला सुरू होतं, किती सेक्टर लांब आहे, कुठल्या प्रकारचं आहे आणि त्यावरून बूट करायचं का.

आता हे होस्टेलच्या भाषेत. रेक्टर मॅडमच्या रजिस्टरमध्ये चारच ओळी आहेत असं समजा. "रूम १ ते ४०, फर्स्ट इयर. रूम ४१ ते ८०, सेकंड इयर." मॅडमनी एक ओळ खोडली, तर त्या रूममधल्या मुली लगेच रस्त्यावर येतात का? नाही. मुली, गाद्या, बादल्या जिथल्या तिथे. फक्त ऑफिसला त्या सापडत नाहीत. पार्टिशन डिलीट करणं म्हणजे हे. म्हणूनच चुकून डिलीट झालेलं पार्टिशन बहुतेक वेळा परत मिळतं, पण त्यावर नवीन काही लिहिलं नसेल तरच.

चारपेक्षा जास्त हवी असतील तर एक ओळ 'एक्स्टेंडेड' म्हणून द्यायची आणि त्यात लॉजिकल पार्टिशन्स करायची. यांची यादी रजिस्टरमध्ये नसते. प्रत्येक लॉजिकल पार्टिशनच्या आधी एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो. ओळखीचं वाटतंय? अहो, लिंक्ड लिस्ट! डेटा स्ट्रक्चर्समध्ये घोकतो तीच. मधली चिठ्ठी बिघडली तर पुढचं सगळं गायब.

नोंद बदलणं हे क्षणाचं काम आहे. पण पार्टिशन सरकवणं हे वेगळं प्रकरण. तिथे खरोखरच सगळ्या मुलींना गाद्या-बादल्यांसकट एकेक करून पुढच्या रूममध्ये हलवावं लागतं. या कामाला तास लागतात. मध्येच थांबलं तर अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे आणि रजिस्टरला दोन्हीचा पत्ता नाही. माझं नेमकं हेच झालं होतं.

मग डी परत कसं आलं?

दुसऱ्या दिवशी रडवेल्या चेहऱ्याने दोघी लॅबमध्ये गेलो. लॅब असिस्टंट काकांनी आधी एकच प्रश्न विचारला, "त्यानंतर डिस्कवर काही लिहिलंत का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग रडायचं कशाला? बसा."

पहिलं काम म्हणजे डिस्क त्या मशीनमधून काढली. दुसऱ्या मशीनला जोडून डीडीरेस्क्यू नावाच्या टूलने सबंध डिस्कची इमेज, म्हणजे सेक्टर-न्-सेक्टर नक्कल, एका मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतली. मूळ डिस्क बाजूला ठेवली. यापुढचे प्रयोग नकलेवर.

मग काकांनी वहीत एक आडवी पट्टी काढली, ० पासून १४९ पर्यंत. जुनं डी होतं ४० ते १२० (लहान केल्यावर). नवीन डी व्हायचं होतं ६९ ते १४९. पुढे सरकवताना सॉफ्टवेअर शेपटापासून उलटं कॉपी करतं, नाहीतर स्वतःच्याच डेटावर लिहीत सुटेल. ८० जीबीचे ६० टक्के म्हणजे ४८ जीबी. १४९ मधून ४८ गेले, राहिले १०१. म्हणजे साधारण १०१ च्या खांबापलीकडचं सगळं नवीन जागेच्या हिशोबाने आहे आणि अलीकडचं सगळं जुन्या. एकही बाइट पुसला गेलेला नाही!

पण तो खांब नेमका कुठे, हे आम्हाला माहीत नव्हतं. काका म्हणाले, माहीत असायची गरजच नाही. सरकवलं २९ जीबी, म्हणून डीचा मधला २९ जीबीचा तुकडा आत्ता दोन्ही जागी आहे. त्या तुकड्यात कुठेही सांधा जोडा, चालतंय. म्हणून डीचे पहिले ४६ जीबी जुन्या जागेवरून घेतले (४० ते ८६) आणि उरलेले ३४ जीबी नवीन जागेवरून (११५ ते १४९). दोन्ही बाजूंना खांबापासून जवळजवळ १५ जीबीचं अंतर, म्हणजे आमचा ६० टक्क्यांचा अंदाज थोडा चुकला असता तरी चाललं असतं.

फक्त एक गोष्ट अचूक लागणार होती: पार्टिशनची सुरुवात कुठल्या सेक्टरला आणि नेमके किती सेक्टर सरकवले. जीबीत सांगून उपयोग नाही, इथे एका सेक्टरची चूकही चालत नाही. हे आकडे आमच्याकडे होते का? होते! रूममेटने अप्लायच्या आधी "आज आम्ही हॅकर" म्हणून स्क्रीनचे फोटो स्टेटसला टाकले होते. खात्री करायला काकांनी मधल्या तुकड्यातले काही सेक्टर दोन्ही जागी काढून बघितले. तंतोतंत सारखे. दोन तुकडे जोडले, इमेज उघडली आणि अण्णांचे सगळे फोल्डर्स नावासकट समोर! टाळ्या वाजवल्या तर काका म्हणाले, "लॅबमध्ये आवाज नको."

तीन फाइल्स मात्र उघडल्या नाहीत. तिथे डिस्कवर बॅड सेक्टर होते. त्यांचा माझ्या पराक्रमाशी संबंध नव्हता, डिस्कच म्हातारी झाली होती. म्हणजे बॅकअप नसता घेतला तर आज ना उद्या ते सगळं तसंही जाणारच होतं.

करण्याआधी काय करावं?

एवढं रामायण झाल्यावर आम्ही रूमच्या दारामागे एक कागद चिकटवला आहे. तोच इथे देते.

१. बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर. सीचा बॅकअप त्याच डिस्कच्या डीवर म्हणजे बॅकअप नव्हे. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल्स उघडूनही बघा.

२. डिस्कची तब्येत. डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे असतात. पेंडिंग शून्य नसेल तर त्या डिस्कवर काहीही सरकवू नका. फक्त डेटा बाहेर काढा.

३. रॅमची तब्येत. सरकवताना प्रत्येक बाइट रॅममधून जातो. रॅम खराब असेल तर चांगला डेटा आत जातो आणि कचरा बाहेर पडतो, तोही गुपचूप. मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर लावून ठेवा. लाल एरर दिसल्या तर आधी रॅम बदला.

४. विंडोज नीट बंद करा. आधी चेकडिस्क चालवा, मग पूर्ण शटडाउन. हायबरनेट नाही. विंडोज ८ पासून (२०१२) 'फास्ट स्टार्टअप' असतं, त्यात शटडाउनही अर्धवट असतं. ते बंद करा.

५. लाइटची सोय. लॅपटॉप असेल तर बॅटरी फुल करून चार्जर लावा. पीसी असेल तर यूपीएस. तो नसेल तर मोठी कामं होस्टेलवर करूच नका. आणि शेजाऱ्यांना चहा तुम्हीच पाजा!

६. आकडे उतरवा. प्रत्येक पार्टिशनचा पहिला सेक्टर, शेवटचा सेक्टर, प्रकार. वहीत लिहा, फोटोही काढा. ज्या डिस्कवर काम चाललंय तिच्यावर ठेवू नका.

७. डिस्क ओळखा. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं जोडणीप्रमाणे बदलू शकतात. तुमचा पेन ड्राइव्हच एसडीए असू शकतो. साइज आणि मॉडेल नंबर बघून खात्री करा. सगळ्यात उत्तम म्हणजे बाकीच्या डिस्क काढूनच ठेवा.

८. एका वेळी एकच बदल. शक्यतो शेपटाकडूनच लहान करा. सुरुवात हलवू नका. प्रत्येक बदलानंतर विंडोज चालू करून बघा.

कुठलं सॉफ्टवेअर कधी लिहितं?

हे माहीत असलं की निम्मे अपघात टळतात. जीपार्टेड तुमचे बदल रांगेत ठेवतं, अप्लाय म्हणेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. लिनक्सचं एफडिस्कही तसंच, 'डब्ल्यू' दाबलं की लिहितं, 'क्यू' दाबून सुखरूप बाहेर पडता येतं. पण पार्टेड ही कमांड मात्र लगेच लिहिते. एफडिस्कची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंटही तिथल्या तिथे काम उरकतं. आणि चार प्रायमरी असताना पाचवं करायला गेलात तर ते डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारतं. नाही म्हणा! मागे येणं अवघड असतं.

आणि पार्टिशन मॅजिक? आमच्या सीनियर्सच्या जुन्या सीडींमध्ये ते अजून सापडतं. एके काळी फार गाजलेलं सॉफ्टवेअर. पॉवरक्वेस्टचं, २००३ मध्ये सिमँटेकने ती कंपनी घेतली, मग पुढे ते बंदच झालं. विंडोज ७ च्या काळात केलेली पार्टिशन्स त्याच्या हवाली करू नका. ज्या गोष्टी त्याच्या जन्मानंतर आल्या, त्या त्याला कशा कळणार?

जुन्या मशीनचे खास खड्डे

पहिला खड्डा १३७ जीबीचा. जुन्या आयडीई पद्धतीत सेक्टरचा नंबर २८ बिट्सचा होता. २ चा २८ वा घात गुणिले ५१२, करून बघा, १३७ जीबी येतात. एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीत यापुढचं चालत नव्हतं, २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून चालू लागलं. म्हणून मोठ्या डिस्कवर एक्सपीची अगदी जुनी सीडी वापरू नका. सिस्टिम डिस्कची साइज चुकीची समजते आणि डेटा बिघडू शकतो.

दुसरा खड्डा २ टीबीचा. एमबीआरच्या नोंदीत सेक्टरसाठी ३२ बिट्स आहेत, म्हणून साधारण २.२ टीबीपर्यंतच हिशोब ठेवता येतो. पुढे जीपीटी लागते. तिच्यात टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणून ती जास्त सुरक्षित. पण उत्साहाने जुन्या डिस्कची जीपीटी करू नका. ३२-बिट एक्सपीला ती वाचताच येत नाही आणि जुन्या बायोसवर विंडोज तिच्यावरून बूट होत नाही.

तिसरा खड्डा ६३ आणि २०४८ चा. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरला सुरू करतं. व्हिस्टापासून ते २०४८ व्या सेक्टरला, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरू होतं. जुन्या पीसीत एसएसडी टाकणार असाल तर २०४८ च बरं. ६३ मुळे पार्टिशन आतल्या ४०९६ बाइट्सच्या रेषेवर जुळत नाही आणि डिस्क हळू चालते.

चौथा खड्डा बटणाएवढ्या सेलचा. मदरबोर्डवरचा सेल संपला की बायोसचं सेटिंग मूळपदावर येतं. त्यात साटाचा मोड आयडीईवरून एएचसीआय झाला तर एक्सपी निळा स्क्रीन दाखवतं. आपण म्हणतो पार्टिशन बिघडलं. पार्टिशन ठणठणीत असतं! आधी बायोस बघा, नवा सेल टाका.

आणि तरीही बिघडलंच तर?

थांबा. मशीन बंद करा. फॉरमॅट करू का विचारलं तर 'नो'. चेकडिस्कही नको, ते दुरुस्तीच्या नादात अर्धवट सरकलेल्या फाइल्स कापून टाकू शकतं. आधी पूर्ण डिस्कची इमेज घ्या. मग तिच्यावर टेस्टडिस्क चालवा, हे फुकट मिळतं आणि हरवलेली पार्टिशन्स शोधतं. त्याच्याबरोबरच येणारं फोटोरेक फाइल्स शोधून देतं, पण मूळ नावं बहुतेक मिळत नाहीत. आणि समजत नसेल तर लाज न बाळगता लॅबमध्ये जा. काका रागावतात, पण काम करतात.

थोडक्यात काय, तर पार्टिशनचं सॉफ्टवेअर वाईट नाही. घाबरण्यासारखंही काही नाही. ते नोंद बदलतंय की डेटा हलवतंय, एवढं ओळखून मगच बटण दाबायचं.

अण्णांना आम्ही सगळं झाल्यावर फोनवर सांगितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाळा, ती शब्दांची यादी तेवढी आहे ना?" आहे म्हटलं. आता तिच्या तीन कॉपी आहेत: एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर गावाला आणि एक प्रिंट काढून त्यांच्या कपाटात. त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास अजूनही कपाटावरच आहे.

आणि हो, आज रात्री काही करायच्या आधी बॅकअप घ्याल ना? सर्वांना सबमिशनच्या शुभेच्छा!